राखेचा दावा

२३ जून २०१२, शनिवार. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराच्या वायव्येला वाल्डो कॅन्यन नावाची दरी आहे. त्या दिवशी तिथल्या वाळलेल्या डोंगरउतारावर धूर दिसला. तीन दिवस वणवा डोंगरातच होता. २६ तारखेला वाऱ्याने जोर धरला आणि आग उतारावरून थेट वस्तीत उतरली. ३४६ घरं जळाली, दोघांचा जीव गेला आणि तीस हजारांवर लोकांना हाताला लागेल ते घेऊन बाहेर पडावं लागलं.

याच शहरात ‘ग्रीन अर्थ वेलनेस सेंटर’ नावाचं औषधी गांजाचं दुकान होतं. दुकानाला लागूनच गांजा पिकवायची बंदिस्त जागा होती. आग तिथवर पोचलीच नाही, पण धूर आणि राख पोचली. बंद जागेत गांजा वाढवायचा तर दिव्यांची उष्णता आणि दमट हवा बाहेर काढून ताजी हवा आत घ्यावी लागते. शहराभोवतीची हवाच धुराने भरली तेव्हा ही यंत्रणा पुरी पडली नाही आणि धूर-राख झाडांपर्यंत गेली. गांजाच्या फुलावर चिकट राळेचे बारीक कण असतात. त्याची सगळी किंमत त्या राळेत असते, आणि राख बसते तीही तिथेच. गव्हाच्या दाण्यावरची धूळ पाखडून निघते, गांजाच्या फुलावर बसलेली राख निघत नाही. धुराचा वासही त्यात मुरतो. असा माल रुग्णाच्या हाती देता येत नाही.

ग्रीन अर्थने विमा घेतलेला होता. एप्रिलमध्ये ‘अटेन स्पेशॅलिटी’ या कंपनीकडे अर्ज केला होता आणि पॉलिसी २९ जूनपासून लागू झाली. तेव्हा डोंगर अजून धुमसतच होता. नोव्हेंबरमध्ये त्यांनी क्लेम दाखल केला. कुंड्यांतली मातृरोपं आणि त्यांच्यापासून केलेली कलमं यांचं २ लाख डॉलरच्या वर नुकसान, आणि काढून विक्रीसाठी तयार ठेवलेल्या फुलांचं सुमारे ४० हजार डॉलरचं. कंपनीची चौकशी कित्येक महिने चालली. ती चालू असतानाच, ७ जून २०१३ रोजी, छपरावरच्या हवेच्या झडपांमधून चोर आत शिरले आणि झाडं घेऊन गेले. त्याचाही क्लेम दाखल झाला. जुलैत कंपनीने हात वर केले. चोरीबाबत उत्तर आलं की छपराचं आणि झडपांचं नुकसान विमेदाराने स्वतः सोसायच्या रकमेपेक्षा कमी भरतं. धुराचा दावाही नाकारला. प्रकरण संघीय न्यायालयात गेलं आणि कंपनीच्या वकिलांनी मांडलेल्या मुद्द्यांमधला एक सगळ्यांत वजनदार होता: गांजा हा संघीय कायद्याने गुन्हा आहे, मग त्याची भरपाई द्यायची कशी?

हा मुद्दा हप्ता घेताना कुणाला सुचला नव्हता. ग्रीन अर्थ काय विकतं हे अर्ज आला तेव्हाच कंपनीला ठाऊक होतं.

न्यायालयाने काय म्हटलं ते पाहण्याआधी अमेरिकेतलं हे त्रांगडं समजून घ्यायला हवं. १९७०च्या नियंत्रित पदार्थ कायद्याने गांजा पहिल्या परिशिष्टात टाकला, हेरॉइनच्या पंगतीत. वैद्यकीय उपयोग शून्य, असा त्याचा अर्थ. १९९६च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन २१५’ मंजूर करून आजाऱ्यांसाठी गांजा मोकळा केला. कोलोरॅडोने २०००मध्ये तेच केलं आणि २०१०मध्ये दुकानांना परवाने देणारा कायदाही आणला. संघीय कायदा मात्र जागचा हलला नाही. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोन्झालेस विरुद्ध रेच खटल्यात स्पष्ट सांगितलं की राज्याने परवानगी दिली तरी घरी लावलेल्या झाडावरही संघीय बंदी लागू आहे. म्हणजे एकाच कुंडीतलं एकच झाड राज्याच्या दप्तरी परवानाधारक माल आणि वॉशिंग्टनच्या दप्तरी गुन्ह्याचा पुरावा.

आपल्याकडेही गांजाबद्दलचा कायदा उलटापालटा झाला आहे, पण एका वेळी एकच. १८९३-९४ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने १,१९३ साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदी नको, परवाने आणि कर पुरेत, असं मत दिलं. त्या काळी नगर जिल्ह्यात रीतसर परवान्याने गांजाची शेती होत होती. अमली पदार्थांविरुद्धचा १९८५चा एनडीपीएस कायदा आला आणि गांजा गुन्हा ठरला. पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येबाहेर राहिल्या म्हणून भांग वाचली. पटो न पटो, नगरच्या शेतकऱ्याला आपण कायद्याच्या कुठल्या बाजूला आहोत हे कळत होतं. कोलोरॅडोतला माणूस एकाच वेळी दोन्ही बाजूंना उभा होता.

अशा माणसाला विमा कोण देणार? मोठ्या, नावाजलेल्या कंपन्या दूरच राहिल्या. पुढे आल्या त्या ‘सरप्लस लाइन्स’वाल्या. ज्या जोखमीला नेहमीच्या कंपन्या हात लावत नाहीत, ती उचलणाऱ्या कंपन्यांचा हा वेगळा बाजार आहे. त्यांचे दर राज्याच्या विमा आयुक्ताकडून मंजूर होऊन येत नाहीत आणि कंपनी बुडाली तर राज्याच्या हमी निधीतून भरपाईही मिळत नाही. हप्ता जास्त, संरक्षण कमी, अटी लांबलचक. त्यात बँका खातं उघडू देत नसल्याने धंदा रोखीचा, म्हणजे तिजोरीवर चोराचा डोळा. १९८२पासून करकायद्यात असलेल्या २८०-ई या कलमामुळे भाडं, पगार, विम्याचा हप्ता यांसारखे साधे खर्चही उत्पन्नातून वजा करता येत नव्हते. ज्याला विम्याची सगळ्यांत जास्त गरज होती, त्यालाच तो सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत कच्चा मिळत होता.

आणि मिळालेला विमा कोर्टात टिकेल याची खात्री नव्हती. हवाईतल्या एका घरमालकिणीच्या अंगणातली औषधी गांजाची झाडं चोरीला गेली. राज्याच्या कायद्याने ती तिची होती. विमा कंपनीने आधी ८ हजार डॉलरच्या वर रक्कम दिलीसुद्धा. उरलेल्या रकमेसाठी ती कोर्टात गेली, तेव्हा मार्च २०१२मध्ये संघीय न्यायाधीश लेस्ली कोबायाशी यांनी निर्णय दिला की राज्याच्या कायद्याने तिचा त्या झाडांवर विमायोग्य हक्क आहे, पण ही भरपाई द्यायला लावणं संघीय कायद्याच्या धोरणाविरुद्ध जाईल. हक्क मान्य, पैसे नाहीत. वाल्डो कॅन्यनचा वणवा लागायच्या तीन महिने आधीचा हा निकाल, आणि अटेनच्या वकिलांनी तोच पुढे केला.

ऑगस्ट २०१३मध्ये न्याय खात्याचे उपप्रमुख जेम्स कोल यांनी एक परिपत्रक काढलं. राज्यांनी नीट नियमन केलं, मुलांच्या हाती गांजा जाऊ दिला नाही, टोळ्यांना थारा दिला नाही, तर संघीय वकील सहसा मध्ये पडणार नाहीत, असा त्याचा आशय. धंद्याला थोडा धीर आला. १ जानेवारी २०१४ला कोलोरॅडोत प्रौढांना नुसत्या हौसेसाठीही गांजा विकत मिळू लागला. पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, हे विमा बाजाराला पक्कं ठाऊक होतं. २०१५मध्ये लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने आपल्या सिंडिकेटना, म्हणजे तिथे विमा देणाऱ्या गटांना, सांगितलं की अमेरिकेतल्या गांजाच्या धंद्याचे विमे देणं थांबवा. नवे देऊ नका, जुन्यांचं नूतनीकरणही नको, तिथला संघीय कायदा बदलेपर्यंत. गुन्ह्यातून आलेला पैसा हाताळल्याचा ठपका आपल्यावर येईल, ही भीती त्यामागे होती. सरप्लस लाइन्सच्या बाजारात लॉइड्सचं भांडवल खोलवर मुरलेलं असल्याने अनेक दुकानदारांना मुदत संपताच नवं दार शोधावं लागलं.

अशा हवेत १७ फेब्रुवारी २०१६ रोजी कोलोरॅडोच्या संघीय न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश मार्सिया क्रिगर यांनी ग्रीन अर्थच्या खटल्यात निर्णय दिला. मला या साऱ्या इतिहासात हा निकाल सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्यात मोठमोठी तत्त्वं नाहीत. न्यायाधीशांनी पॉलिसीचा कागद पुढे ठेवला आणि त्यातले शब्द एकेक करून वाचले.

पहिला शब्द ‘पीक’. पॉलिसी सर्वसाधारण व्यापाऱ्यासाठी बनवलेल्या छापील नमुन्यावरची होती. त्यात काय काय धरलं जाणार नाही याची यादी होती: जमीन, पाणी, उभं पीक, हिरवळ. ग्रीन अर्थचं म्हणणं, पीक म्हणजे शेतातलं, मातीतलं, आभाळाखालचं. आमची रोपं तर छपराखाली कुंडीत, दिव्याच्या उजेडात वाढलेली. न्यायाधीशांनी ते मानलं नाही. वाढवून काढायचं आणि विकायचं ते पीक, मग ते शेतात असो की खोलीत. मातृरोपं आणि कलमं यादीत अडकली आणि २ लाखांचा दावा तिथेच संपला. पीकविम्याचा अर्ज भरलेल्या आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. उभं पीक, कापून शेतात सुकायला पसरलेलं पीक आणि गोदामातला माल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो अनुभवाने जाणतो. पंतप्रधान पीकविमा योजनेतही कापून पसरलेल्या पिकाला १४ दिवसांपर्यंत वेगळं संरक्षण देण्याची तरतूद आहे. मला न्यायाधीशांचं वाचन बरोबर वाटतं, जरी नुकसान झालेल्या माणसाच्या जागी उभं राहिलं की ते बोचतं.

मग उरली काढून ठेवलेली फुलं. ती पीक नव्हेत, विक्रीसाठी साठवलेला माल. माल तर पॉलिसीत धरलेला होता. इथे कंपनीने दुसरं कलम काढलं: निषिद्ध माल आणि बेकायदा व्यापारातला माल विम्याबाहेर. पॉलिसीत ‘निषिद्ध माल’ या शब्दाची व्याख्याच नव्हती. न्यायाधीशांनी विचारलं, संघीय सरकारचं या बाबतीत एक ठाम, सुसंगत धोरण आज उरलंय कुठे? कायदा एक सांगतो, न्याय खात्याची परिपत्रकं दुसरं. मग हा शब्द स्पष्ट आहे असं कसं म्हणायचं? त्यातून, गांजाच्या दुकानाचा विमा म्हणूनच कंपनीने हा विमा विकला होता. दुकानातला गांजाच वगळायचा होता, तर विमा उतरवला कशाचा? कंपनीने शेवटी न्यायालयालाच विचारलं की आम्ही पैसे दिले तर ते कायदेशीर ठरेल का, हे तुम्हीच सांगा. न्यायाधीशांनी हवाईचा रस्ता धरला नाही. करार डोळसपणे केला आहे, तो धोरणाविरुद्ध म्हणून मोडीत काढायला त्यांनी नकार दिला.

हा विचार अमेरिकेत जन्मलेला नाही. अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड न्यायासनावर होते. विम्याचा आधुनिक कायदा बऱ्याच अंशी त्यांच्याच निकालांतून आला. १७६६मध्ये त्यांच्यापुढे सुमात्रातल्या बेंकूलेनच्या किल्ल्याचं प्रकरण आलं. तिथल्या गव्हर्नराने किल्ला परकीयांच्या हाती पडला तर, म्हणून लंडनमध्ये विमा उतरवला होता. १७६०मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणाऱ्याने तक्रार केली की किल्ला कच्चा आहे हे आम्हाला सांगितलं नव्हतं. विमेदाराने काही लपवू नये, हा परम सद्भावाचा नियम मॅन्सफिल्ड यांनी याच खटल्यात मांडला. पण त्याची दुसरी बाजूही त्यांनी तितक्याच जोराने सांगितली. जे विमा देणाऱ्याला माहीत होतं, किंवा लंडनमध्ये बसून कळण्यासारखं होतं, ते नंतर माहीत नव्हतं म्हणून त्याला सुटता येणार नाही. गव्हर्नराला पैसे मिळाले. नऊ वर्षांनी, १७७५मध्ये, डंकर्कच्या एका चहाविक्रेत्याच्या खटल्यात त्यांनी उलट नियम घालून दिला: जो आपला दावा बेकायदा कृत्यावर उभा करतो, त्याला न्यायालय मदत करणार नाही. हा दुसरा नियम आजही जगभर उद्धृत होतो. त्या खटल्यात चहा विकणाराच जिंकला, हे क्वचितच सांगितलं जातं. त्याच्या चहाची पुढे इंग्लंडात चोरटी आयात होणार हे त्याला माहीत होतं, पण त्याची विक्री डंकर्कमध्ये पुरी झाली होती आणि तिथे ती बेकायदा नव्हती. हवाईच्या निकालामागे मॅन्सफिल्डचा एक नियम उभा होता, कोलोरॅडोच्या निकालामागे दुसरा. माझा कौल कोलोरॅडोमागच्या नियमाला आहे. हप्ता घेताना माल चालतो आणि भरपाईच्या दिवशी तोच माल गुन्हा ठरतो, असं जिथे होतं तिथे विमा राहत नाही, नुसती वसुली राहते.

कोलोरॅडोचा निकाल एका जिल्हा न्यायालयाचा, दुसऱ्या कोर्टांवर बंधनकारक नव्हे. तरी कंपन्यांच्या कायदा विभागांनी तो बारकाईने वाचला. ज्यांना गांजा वगळायचा होता, त्यांनी पॉलिसीत गांजाचं नाव घालून स्वच्छ वगळलं. ज्यांना विमा द्यायचा होता, त्यांना व्याख्या लिहाव्या लागल्या.

पण लिहायला वेळ लागतो, वणव्याला लागत नाही. ८ ऑक्टोबर २०१७च्या रात्री उत्तर कॅलिफोर्नियात कोरडा, सुसाट वारा सुटला. टब्स वणव्याने सोनोमा परगण्यातल्या सांता रोझा शहराचे मोहल्लेच्या मोहल्ले जाळले, २२ माणसं मेली, ५,६००हून अधिक बांधकामं गेली. उत्तरेला मेंडोसिनोतल्या रेडवूड व्हॅलीत ९ जणांचा बळी गेला. मेंडोसिनो, हंबोल्ट आणि ट्रिनिटी या तीन परगण्यांच्या डोंगराळ पट्ट्याला ‘एमराल्ड ट्रँगल’ म्हणतात. अमेरिकेतली गांजाची जुनी आणि सगळ्यांत नावाजलेली शेती तिथली. ऑक्टोबर हा तिथला सुगीचा महिना. उत्पादक त्याला ‘क्रॉपटोबर’ म्हणतात. शेतात पीक काढणीला आलेलं, खळ्यात फुलं सुकत टांगलेली. द्राक्षमळेवाल्या शेजाऱ्याला पीकविमा होता, संघीय आपत्ती साहाय्य होतं, लघुउद्योगांचं कर्ज होतं. गांजावाल्याला यातलं काहीच नव्हतं, कारण हे सगळे पैसे संघीय सरकारचे. १ जानेवारी २०१८पासून राज्यात खुली विक्री सुरू व्हायची होती आणि अनेकांनी परवान्याच्या तयारीत होती नव्हती ती पुंजी घातली होती. आग विझल्यावर या माणसांच्या हाती उरली ती जमीन आणि देणी.

तेव्हा कॅलिफोर्नियाचे विमा आयुक्त होते डेव्ह जोन्स. विम्याचं नियमन राज्यांकडे ठेवणारा मॅककॅरन-फर्ग्युसन कायदा १९४५पासून अमेरिकेत आहे आणि जोन्स यांनी त्या अधिकाराचा पुरता उपयोग केला. त्यांनी विमा कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना गांजाच्या शेतांवर आणि दुकानांत नेऊन तिथली कुलपं, कॅमेरे, तिजोऱ्या, सुकवायच्या खोल्या डोळ्यांनी दाखवल्या. न पाहिलेल्या जोखमीला कुणीच वाजवी दर लावू शकत नाही, हे विम्यातला जुना सर्व्हेअर कुठल्याही देशात सांगेल. नोव्हेंबर २०१७मध्ये, आग विझून महिना होत नाही तोच, जोन्स यांनी गोल्डन बेअर या कंपनीची पॉलिसी मंजूर केली. राज्याच्या नियमांखाली आलेली गांजाच्या धंद्याची ही तिथली पहिली पॉलिसी. आता दर आयुक्तांपुढे मांडावा लागणार होता आणि पाठीशी हमी निधी असणार होता. दोन महिन्यांनी, ४ जानेवारी २०१८ला, ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी कोल यांचं परिपत्रक रद्द केलं. जोन्स मागे हटले नाहीत. पुढच्या काही महिन्यांत जामीन-बाँड, या धंद्याला जागा भाड्याने देणाऱ्या मालकांसाठीची पॉलिसी आणि छोट्या दुकानदारांसाठी ‘कॅनाबॉप’ नावाचा छापील नमुना, असं एकेक मंजूर होत गेलं. परवाना हवा तर ५ हजार डॉलरचा बाँड द्यावा लागे. वेळ आलीच तर माल नष्ट करण्याचा खर्च त्यातून निघावा म्हणून.

वॉशिंग्टनमध्ये मात्र गाडी अडली ती अडलीच. २०१९च्या सप्टेंबरात प्रतिनिधिगृहाने बँकांना संरक्षण देणारं सेफ बँकिंग विधेयक ३२१ विरुद्ध १०३ मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये ते पडून राहिलं. खास विमा कंपन्यांसाठी आणलेल्या ‘क्लेम ॲक्ट’चीही तीच गत झाली. एक फट तेवढी उघडली. डिसेंबर २०१८च्या शेतीकायद्याने टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य ०.३ टक्के किंवा त्याहून कमी असलेला भांग-वर्ग, म्हणजे हेम्प, बंदीतून काढला आणि २०२०च्या हंगामापासून २१ राज्यांतल्या निवडक परगण्यांत त्याला संघीय पीकविमा मिळू लागला. झाड तेच. पण उन्हाने, बियाण्याने किंवा काढणी लांबल्याने टीएचसी ०.३च्या वर गेलं, तर पीक नष्ट करावं लागे आणि ते नुकसान विम्यात बसत नसे.

खासगी बाजारात पॉलिसींची भाषा बरीच पुढे गेली आहे. बंदिस्त जागेतल्या झाडांसाठी आता बी, कोवळं रोप, पानांवर आलेलं झाड, फुलावर आलेलं झाड, काढलेला माल आणि बांधून तयार झालेला माल असे टप्पे वेगवेगळे लिहिलेले सापडतात, प्रत्येकाची किंमत धरायची रीत वेगळी. ग्रीन अर्थच्या कुंड्या ज्या यादीत अडकल्या, तिच्या जागी हे आलं. आभाळाखालच्या शेताला मात्र अजूनही क्वचितच कुणी हात लावतं.

२०२०च्या ऑगस्टच्या मध्यावर कोरड्या विजांनी कॅलिफोर्नियाचे डोंगर पुन्हा पेटवले. सांता क्रूझपासून मेंडोसिनोपर्यंत कित्येक दिवस आकाश तांबडं होतं. झाडं नेमकी फुलावर येत होती. पाचोळा उडवायचे हातातले ब्लोअर घेऊन उत्पादक ओळीओळींतून फिरले आणि राळ घट्ट व्हायच्या आत फुलांवरची राख उडवत राहिले.